घराचे मजले आणि बिनतारी लहरी

तंजावरच्या राजवाड्यात संगीत महाल नावाचे एक दालन आहे. नायक राजांच्या काळात आकारास आलेल्या आणि पुढे भोसले राजांच्या ताब्यात गेलेल्या या राजवाड्यातील हे दालन गायन-वादनासाठी बांधलेले असून, गायकाचा स्वर श्रोत्यांपर्यंत स्पष्टपणे पोहोचावा हा विचार त्याच्या रचनेत आहे. त्या शहरातील सामान्य घरे ज्या गवंड्यांनी बांधली, त्यांनीही उजेड कोठून यावा, वारा कसा खेळावा आणि पावसाचे पाणी कोठे उतरावे याचा बारकाईने विचार केलेला होता. बिनतारी लहरींचा विचार मात्र कोणी केला नाही. तो करण्याचे कारणही नव्हते. आज त्या लहरी जवळजवळ प्रत्येक घरात येऊन राहिल्या आहेत. खालच्या मजल्यावर इंटरनेट उत्तम चालते आणि जिना चढून माडीवर जाताच ते क्षीण होते, ही तक्रार तंजावरमध्ये ऐकू येते तशी ती पुण्यात आणि कोल्हापुरातही ऐकू येते. या तक्रारीचे कारण काय आणि तिचे निवारण कसे करावे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

वरवर पाहता हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि शाळा बंद पडल्या, तेव्हा त्याचे गांभीर्य पुष्कळांच्या ध्यानात आले. त्या महिन्यांत कित्येक घरांतील विद्यार्थ्याची जागा वर्गातील बाकावरून उठून जिन्याच्या पायरीवर आली. कारण वरच्या खोलीत शिक्षकांचा आवाज तुटत असे आणि खालच्या दिवाणखान्यात घरातील इतर माणसांची वर्दळ असे. पायरीवर वही मांडीवर घेऊन बसलेले ते मूल म्हणजे या प्रश्नाचे खरे स्वरूप होय. पुढे शाळा उघडल्या, तरी इंटरनेटवरचे शिक्षण, घरी बसून करावयाचे काम, वैद्यांशी सल्लामसलत आणि दूरदेशी गेलेल्या मुलाबाळांशी बोलणे या गोष्टी घरात कायमच्या राहिल्या आहेत.

तंजावरच्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने यातील शेवटच्या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी तेथे राज्य स्थापन केले. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी यांच्या निधनानंतर ते राज्य इंग्रजांनी खालसा केले. राज्य गेले, पण त्याच्याबरोबर आलेली अनेक कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यातच राहिली. बाहेर तमिळ आणि घरात आपल्या वळणाची मराठी, असा त्यांचा दुहेरी संसार पिढ्यान् पिढ्या चालला. आता या घरांतील तरुण मंडळी चेन्नई, बंगळूर आणि परदेशात विखुरली आहेत. खालच्या मजल्यावरील आजीला ही घरगुती मराठी नातवंडांच्या तोंडून ऐकावयाची, तर बहुतेक वेळा ती दूरध्वनीच्या पडद्यावरूनच ऐकावी लागते. अशा वेळी चित्र गोठले आणि शब्द अर्धवट राहिले, तर गमावले जाते ते केवळ यंत्राचे काम नव्हे.

उपायांकडे वळण्यापूर्वी घर समजून घेतले पाहिजे. तंजावरच्या राजवाड्याभोवतीच्या जुन्या वस्तीत आणि रायरांच्या आळ्यांत एक नमुन्याचे घर डोळ्यांपुढे आणता येईल. रस्त्याला लागून ओटा, ज्याला तमिळमध्ये तिण्णै म्हणतात, आत पडवी, मध्ये आकाशाला उघडा असलेला चौक, म्हणजे मुट्रम, त्याच्या भोवती खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. भिंती विटा-चुन्याच्या आणि हात-दीड हात जाडीच्या. जुने छत मद्रास टेरेस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे, म्हणजे सागवानी तुळयांवर विटा तिरप्या उभ्या रचून वर चुन्याचा कोबा केलेले. अशा घरावर किंवा त्याच्या मागील भागावर पुढील पिढीने सिमेंट काँक्रीटचा मजला चढविलेला असतो. वर मुलाचे बिऱ्हाड किंवा भाडेकरू, खाली वृद्ध आईवडील, अशी राहणी होते. इंटरनेटची तार रस्त्याकडून येते, म्हणून ती आणणारा कारागीर दाराजवळच्या खोलीत, विजेचा खटका जेथे मोकळा सापडेल तेथे, लहरी प्रसृत करणारी पेटी बसवून जातो. या पेटीलाच राउटर म्हणतात. तिची जागा अशा रीतीने तारेच्या सोयीने ठरते, माणसांच्या सोयीने नव्हे. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

बिनतारी लहरी भिंती ओलांडतात, हे भारतात फार पूर्वीच दाखवून देण्यात आले होते. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अतिशय आखूड लांबीच्या विद्युतचुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजविली आणि बारूद उडविली. आज घरातील राउटर ज्या लहरी वापरतो, त्या बोस यांच्या लहरींच्याच कुळातील आहेत. त्यांचे मुख्यतः दोन पट्टे प्रचारात आहेत. पहिला २.४ गिगाहर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला सुमारे दोनशे चाळीस कोटी कंपनांचा. त्यातील लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक वीत भरत नाही इतकी असते. दुसरा ५ गिगाहर्ट्‌झचा; त्यातील लहर पाच-सहा सेंटिमीटरची असते. पहिला पट्टा भारत सरकारने २००५ मध्ये परवान्याच्या बंधनातून मुक्त केला आणि दुसऱ्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये खुला केला. या दोहोंतील भेद गृहस्थाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वेग अधिक मिळतो, परंतु भिंत आणि छत ओलांडताना त्याची शक्ती अधिक खर्च होते. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा त्या मानाने मंद आणि गर्दीचा, परंतु अडथळ्यातून पुढे जाण्यास अधिक समर्थ असतो.

अडथळ्याने किती शक्ती खाल्ली हे मोजण्यासाठी डेसिबल हे माप वापरतात. या मापाची रीत एकदा समजली, की पुढील सर्व व्यवहार दुकानातील हिशेबाइतका सोपा होतो. तीन डेसिबलची घट म्हणजे शक्ती निम्मी होणे, दहा डेसिबलची घट म्हणजे ती एक-दशांशावर येणे आणि वीस डेसिबलची घट म्हणजे एक-शतांशावर येणे. एक मिलिवॅट शक्तीला शून्य मानले, तर १०० मिलिवॅटचा राउटर वीस या आकड्यापासून सुरुवात करतो. दूरध्वनीच्या यंत्रापर्यंत पोहोचेपर्यंत शक्ती एक मिलिवॅटपेक्षा फारच खाली गेलेली असते, म्हणून तेथील आकडे ऋण असतात. उणे पन्नास हा आकडा उत्तम. उणे सदुसष्टपर्यंत चित्रासह संभाषण सुरळीत चालते. उणे ऐंशीच्या पलीकडे जोडणी केवळ नावापुरती राहते.

आता वर वर्णन केलेल्या घराचा हिशेब मांडून पाहावा. राउटर दर्शनी खोलीत आहे आणि विद्यार्थी मागच्या बाजूच्या माडीवर, सुमारे आठ मीटरवर बसला आहे. मध्ये काहीच नसते, तर २.४ गिगाहर्ट्‌झची लहर एवढ्या अंतरात सुमारे ५८ डेसिबल गमावते. म्हणजे वीसमधून अठ्ठावन्न वजा जाता उणे अडतीस उरतात. ही स्थिती उत्कृष्ट होय. परंतु मध्ये काँक्रीटचे छत आहे. त्याची जाडी, त्यातील सळ्यांची जाळी आणि ओल यांनुसार ते साधारणपणे दहा ते वीस डेसिबल घेते. पंधरा धरले, तर उणे त्रेपन्न उरतात. हेही पुरेसे आहे. तथापि लहर कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी जात असल्यामुळे तिला छताखेरीज दोन जाड भिंतीही ओलांडाव्या लागतात. प्रत्येकीचे दहा डेसिबल धरले, तर हातात उणे त्र्याहत्तर उरतात, आणि चित्र गोठते.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. पुष्कळ लोक अशा वेळी अधिक शक्तीचा राउटर विकत घेण्याच्या विचारात पडतात. शक्ती दुप्पट केली, तरी लाभ होतो तो केवळ तीन डेसिबलचा. उणे त्र्याहत्तरचे उणे सत्तर होतात आणि अडचण तशीच राहते. याउलट राउटर दोन खोल्या आत सरकवून त्या दोन भिंती मार्गातून काढल्या, तर वीस डेसिबलचा लाभ होतो, म्हणजे शक्ती शंभरपट केल्यासारखे होते, आणि त्यासाठी चार-पाच मीटर तारेखेरीज काही लागत नाही. शिवाय इंटरनेटचा व्यवहार हा एकतर्फी प्रसारण नसून संभाषण आहे, हेही विसरता कामा नये. आकाशवाणीचे केंद्र बोलते आणि घरातील संच ऐकतो; परंतु येथे हातातील छोट्या यंत्रालाही राउटरला उत्तर द्यावे लागते. माडीवरील माणसाला खालच्या माणसाची हाक ऐकू यावी, पण त्याचे स्वतःचे क्षीण उत्तर खाली पोहोचू नये, अशी स्थिती केवळ राउटरची शक्ती वाढविल्याने उत्पन्न होते. पडद्यावर खूण पूर्ण दिसते आणि काम मात्र होत नाही, याचे एक कारण हे आहे.

त्याचप्रमाणे अधिक वेगाची वर्गणी भरूनही हा प्रश्न सुटत नाही. ती वर्गणी घराच्या उंबरठ्यापर्यंतचा वेग वाढविते. उंबरठ्यापासून माडीपर्यंतचा मार्ग ती रुंद करीत नाही. हौद भरलेला असला, तरी नळी अरुंद असेल तर वरच्या टाकीत पाणी चढणार नाही, हे प्रत्येक गृहस्थाला ठाऊक असते. म्हणून खर्च करण्यापूर्वी दोष कोठे आहे ते शोधणे आवश्यक ठरते. राउटरशेजारी बसून वेग तपासावा. तेथेच तो कमी असेल, तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत आहे. तेथे तो पुरेसा असून वर कमी होत असेल, तर दोष घराच्या आत आहे आणि त्याचा उपायही घरातच आहे.

यासाठी पहिले साधन म्हणजे कागद आणि पेन्सिल. घराच्या दोन्ही मजल्यांचा साधा नकाशा काढून, दूरध्वनीच्या यंत्रावर मिळणाऱ्या मोजणीच्या एखाद्या विनामूल्य साधनाने प्रत्येक खोलीतील आकडा लिहून ठेवावा. मोजणी दारे बंद असताना आणि रोजच्या बसण्याच्या जागीच करावी. एकाच खोलीत दोन-तीन ठिकाणी मोजून मधला आकडा घ्यावा, कारण भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि वीतभर अंतरावरही आकडा पुष्कळ बदलू शकतो. अर्ध्या तासाच्या या श्रमाने घराचे एक नवे चित्र हाती येते. लोखंडी कपाटामागील खोली, मोठ्या आरशाची भिंत, गच्चीवरील पाण्याच्या टाकीखालची जागा, या ठिकाणी आकडे एकदम का घसरतात तेही उमगते. धातू लहरींना परतवितो आणि पाणी त्यांना शोषून घेते. पावसाळ्यात ओलावलेली चुन्याची भिंत उन्हाळ्यातील कोरड्या भिंतीपेक्षा अधिक शक्ती खाते, हेही त्याच कारणाने घडते.

मोजणी झाल्यावर पहिला उपाय जागेचा. राउटर जमिनीवर, कपाटात किंवा दूरदर्शन संचाच्या मागे ठेवू नये. तो मोकळ्यावर, उंच आणि घराच्या मध्याकडे ठेवावा. तंजावरच्या जुन्या घरात तर मध्यभागी एक देणगीच आहे, आणि ती म्हणजे चौक. चौकाच्या पडवीत उंचावर ठेवलेल्या राउटरच्या लहरी मोकळ्या हवेतून वर जातात आणि माडीच्या सज्जातून, खिडक्यांतून आत शिरतात. त्यांना छत फोडून जावे लागत नाही. ज्या वाटेने घरात उजेड उतरतो, त्याच वाटेने लहरी वर चढतात. मात्र राउटर पावसाच्या झडीपासून दूर, पडवीच्या आतल्या अंगाला असावा. नव्या घरात चौक नसतो. तेथे हेच काम जिन्याची मोकळी जागा काही अंशी करते. पायरीवर बसणाऱ्या मुलाने ही गोष्ट स्वानुभवाने शोधून काढलेली असते. जुने मद्रास टेरेसचे छत असेल आणि त्याला लोखंडी तुळयांचा आधार दिलेला नसेल, तर त्यात सळ्यांची जाळी नसल्यामुळे ते काँक्रीटपेक्षा सामान्यतः अधिक उदार ठरते.

दुसरा उपाय राउटरच्या दांड्यांचा, म्हणजे अँटेनांचा. उभ्या दांडीतून लहरी चोहोबाजूंना आडव्या पसरतात. दांडीच्या टोकाच्या दिशेने, म्हणजे सरळ वर आणि सरळ खाली, त्या फारच थोड्या जातात. मेदुवड्याच्या मधोमध दांडी रोवली आहे असे मानले, तर लहरींचा पसारा त्या वड्यासारखा असतो. एकाच मजल्यावर काम असेल, तर उभी दांडी योग्य होय. परंतु राउटरच्या बरोबर वर असलेल्या खोलीत लहरी पाठवावयाच्या असतील, तर एक दांडी आडवी करावी. एक उभी आणि एक आडवी ठेवल्याने दोन्ही मजल्यांची सोय काही प्रमाणात साधते. या उपायास एक पैसाही लागत नाही.

तिसरा उपाय शेजाऱ्यांच्या गर्दीवरचा. जुन्या आळीतील घरे भिंतीला भिंत लावून उभी असतात आणि प्रत्येक घरात एक राउटर असतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांना न अडविणारे मार्ग, ज्यांना चॅनल म्हणतात, ते प्रचारात तीनच मानले जातात : १, ६ आणि ११. सर्व शेजारी एकाच मार्गावर असतील, तर प्रत्येकाला थांबून थांबून बोलावे लागते. मोजणीच्या साधनावर शेजारचे मार्ग दिसतात. त्यातील मोकळा मार्ग निवडावा. अन्न तापविणारी सूक्ष्मलहरी भट्टीही याच पट्ट्यात काम करते, म्हणून ती चालू असताना स्वयंपाकघराजवळ इंटरनेट अडखळले, तर नवल मानू नये. राउटरच्या आसपास बसणाऱ्यांनी ५ गिगाहर्ट्‌झ वापरावा आणि २.४ चा पट्टा दूरच्यांसाठी मोकळा ठेवावा, ही वाटणी घरात शांतता राखते.

एवढे करूनही वरचे आकडे उणे सदुसष्टच्या खालीच राहिले, तर दुसरे यंत्र लागते. येथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट पुनःप्रक्षेपकाची, ज्याला बाजारात रिपीटर किंवा एक्स्टेंडर म्हणतात. हे यंत्र खालच्या राउटरचे ऐकून तेच पुन्हा वर सांगते. ते स्वस्त असते आणि तारेवाचून चालते, परंतु त्याला एकाच पट्ट्यात आळीपाळीने ऐकावे आणि बोलावे लागत असल्यामुळे वेग निम्म्यावर येतो. ते वापरणारे लोक एक चूक बहुधा करतात : जेथे जोडणी पोहोचतच नाही त्या खोलीत ते ठेवतात. जो स्वतः ऐकू शकत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? त्याची जागा मधल्या वाटेवर, जिन्याच्या वरच्या टोकाशी, आकडा अद्याप चांगला असेल तेथे असली पाहिजे. अनेक पेट्यांचे मेश नावाचे जे संच मिळतात, त्यांत ही व्यवस्था अधिक कुशलतेने केलेली असते; परंतु त्यांच्याही पेट्या एकमेकींशी छतातूनच बोलत असतील, तर छताचा कर त्यांनाही भरावा लागतो.

दुसरी वाट तारेची, आणि तीच अधिक टिकाऊ होय. बिनतारी व्यवस्थेचा उपाय तार असावा हे प्रथम विचित्र वाटेल. परंतु लहरींना खोलीतील मोकळ्या हवेत काम करणे सोपे जाते आणि छत ओलांडणे अवघड. तारेला छत ओलांडणे सोपे जाते आणि खोलीत फिरणे अवघड. ज्याचे काम त्याला दिले, की दोन्ही अडचणी दूर होतात. इंटरनेटसाठी वापरली जाणारी चार जोड्यांची तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंत पूर्ण वेगाने चालते. दोन मजली घरात तिची लांबी क्वचितच तीस मीटरच्या पुढे जाते. ती जिन्याच्या कडेने प्लॅस्टिकच्या पट्टीतून न्यावी, किंवा चौकाच्या कोपऱ्यातून पावसाच्या नळाशेजारून वर चढवावी. जुन्या घरात सागवानी तुळईला भोक पाडू नये. भिंतीतील विद्यमान झरोका किंवा खिडकीची चौकट बहुधा पुरेशी असते. विजेच्या तारांच्या नळीतून ही केबल ओढू नये. घर भाड्याचे असेल, तर भिंतीला हात लावण्यापूर्वी मालकाची संमती घ्यावी.

वरच्या टोकाला दुसरी पेटी जोडताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. घरातील प्रत्येक यंत्राला एक पत्ता देण्याचे काम राउटर करीत असतो. हे काम खालच्या पेटीकडेच ठेवावे आणि वरच्या पेटीतील ती सोय बंद करावी, अन्यथा एका गावात दोन टपालकचेऱ्या वेगवेगळे पत्ते वाटू लागतील. दोन्ही पेट्यांना नाव आणि परवलीचा शब्द एकच द्यावा, परंतु चॅनल निराळे द्यावेत. काही यंत्रे जिना चढल्यावरही खालच्या पेटीलाच चिकटून राहतात. अशा वेळी खालच्या पेटीची शक्ती थोडी कमी केली असता ती वरची पेटी आपण होऊन निवडतात. शक्ती कमी करून सेवा सुधारते, हे या शास्त्रातील एक मौजेचे सत्य आहे.

विजेच्या तारांमधूनच इंटरनेट वर नेणारी साधनेही मिळतात. ती काही घरांत चांगली चालतात. परंतु माडीचा विजेचा मीटर स्वतंत्र असेल, किंवा दोन मजले निरनिराळ्या फेजवर असतील, तर त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. तंजावरसारख्या गावात भाडेकरूसाठी स्वतंत्र मीटर घेण्याची पद्धत असल्यामुळे ही चौकशी आधी करणे इष्ट.

कावेरीच्या मुखप्रदेशात आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तेथील ईशान्य मोसमी पावसाचा काळ. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गज चक्रीवादळाने पट्टुक्कोट्टै आणि पेरावूरणीच्या बाजूची नारळाची झाडे आणि विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर पाडले, आणि तंजावर जिल्ह्याच्या त्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. रोजच्या लहानसहान खंडांसाठी राउटर आणि वरची पेटी या दोहोंनाही बॅटरीचा आधार द्यावा; केवळ खालच्या पेटीला दिला, तर वीज जाताच माडी पुन्हा एकाकी पडते. घराबाहेरून चढविलेल्या तांब्याच्या केबलमधून विजेच्या कडकडाटात धक्का येऊन यंत्रे जळण्याचा धोका असतो. म्हणून शक्यतो तार घराच्या आतूनच न्यावी. काचेच्या धाग्याची, म्हणजे ऑप्टिकल फायबरची तार विजेची वाहक नसल्यामुळे बाहेरच्या मार्गासाठी ती अधिक सुरक्षित ठरते.

शेवटी एक मुद्दा राहतो, आणि तो जितका तंत्राचा तितकाच घरातील न्यायाचा आहे. ज्याची जोडणी क्षीण आहे त्याच्याशी राउटरला सावकाश बोलावे लागते. तेवढीच माहिती त्याच्यापर्यंत पोहोचविण्यास अनेकपट वेळ लागतो आणि तेवढा वेळ बाकीच्यांना थांबावे लागते. कारण हवा सर्वांची एकच आहे. म्हणजे माडीवरच्या कोपऱ्यातील मुलाची अडचण ही केवळ त्याची अडचण राहत नाही. खाली राउटरशेजारी बसलेल्या वडिलांचे कामही तिच्यामुळे मंदावते. त्याच्यापर्यंत चांगली जोडणी पोहोचविली, की साऱ्या घराचा वेग वाढतो. सर्वांत दूर बसलेल्याची सोय पाहणे हा येथे उपकार नसून शहाणपणाचा व्यवहार आहे.

म्हणून राउटर कोठे ठेवावा हा प्रश्न कारागिराच्या सोयीवर सोडून देऊ नये. घरातील माणसांनी एकत्र बसून, कोण कोठे बसतो आणि कोणाला कशासाठी जोडणी हवी आहे, हे ठरवावे. मग आधी जागा, मग दांडी, मग चॅनल, आणि त्यानंतरच तार व दुसरी पेटी, असा क्रम ठेवावा. पुष्कळ घरांत पहिल्या तीन पायऱ्यांवरच काम भागते. जेथे भागत नाही, तेथे जिन्याच्या कडेने गेलेली एक बारीक तार पुरते. तेवढे झाले, की जिन्यावर बसलेले मूल वही घेऊन आपल्या खोलीत जाते, आणि जिना पुन्हा येण्याजाण्यासाठी मोकळा होतो.